कॉस्मसचा चढ

गोराईत कॉस्मस मुरझेलोच्या गॅरेजला बोर्ड नाही. क्रुसापासून डावीकडे वळलं की तीन माडांखाली एक पत्र्याची शेड लागते, तेच गॅरेज. बोर्डाची गरज कधी पडलीच नाही. बोरिवलीहून फेरीबोटीत बाईक चढवून कुणी आला, की बोटवालाच त्याला बजावायचा, कॉस्मसकडे चाललायस ना, मग आधी गाडी पुसून घे, घाणेरडी गाडी बघितली की तो मालकालाच धुतो.

माणूस साठीचा, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. कुणाचं कौतुक करायचं झालं तरी शिवी घातल्याशिवाय त्याला जमत नसे. लोक ते सगळं गोड मानून घेत, कारण त्याचा कान. पंधराव्या वर्षी तो मामाच्या मच्छीमार होडीच्या इंजिनाशी झटायला लागला, मग बारा वर्षं चेंबूरच्या एका वर्कशॉपमध्ये मोटरसायकली खोलल्या, आणि एवढ्या काळात त्याचा कान असा तयार झाला की गाडी फाटकात शिरायच्या आधी तो आतून ओरडून सांगायचा, डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह सैल आहे. गावात तर असंही म्हणत की चर्चमध्ये मिस्साला बसल्या बसल्या ऑर्गनची कुठली पट्टी दमट हवेने बसलीय ते कॉस्मसला कळतं. ही शुद्ध थाप होती. पण कॉस्मसने ती कधी खोडून काढली नाही. कोण खोडेल?

या कानाची परीक्षा उत्तनच्या रस्त्यावर व्हायची. शेतं संपतात तिथे एक चढ आहे, लांबीला फार नाही पण छातीवर येणारा. बोरिवली, मालाड, पार अंधेरीपर्यंतची पोरं इंजिनं बदलून, वाढवून, ताणून कॉस्मसकडे आणत आणि विचारत, अंकल, हिला पेट्रोल कुठलं घालायचं? साधं, की वरच्या ऑक्टेनचं? ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा जोर, जितका आकडा मोठा तितकी गाडी पळणार, असा या पोरांचा ठाम समज. कॉस्मस भडकायचा. जोर नाही रे गाढवांनो, धीर. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, आणि ठिणगी पडेपर्यंत त्या पेट्रोलने धीर धरायचा असतो. दाब वाढवलात की धीरही जास्त लागतो. धीर सुटला की ते ठिणगीच्या आधीच पेटतं, आणि मग आतल्या आत पिस्टनवर घाव बसतात. तो आकडा धीराचा आहे. तुमच्यात नाही तेवढा पेट्रोलमध्ये घाला.

मग तो चढावर जायचा. टाकीत साधं पेट्रोल घालायचं, गाडी वरच्या गिअरमध्ये मुद्दाम हळू आणायची आणि चढाच्या तोंडाशी थ्रॉटल पूर्ण पिळायचा. कॉस्मस अर्ध्या चढावर रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा. इंजिनातून बारीक टिकटिक आली की तो हात वर करायचा. मग पाव भाग वरच्या ऑक्टेनचं मिसळायचं आणि पुन्हा चढ. पुन्हा टिकटिक, पुन्हा पाव भाग. जिथे टिकटिक थांबली तिथे कॉस्मस अंगठा दाखवायचा, आणि त्या गाडीचं पेट्रोल जन्मभरासाठी ठरायचं. त्या जागेला पोरं कॉस्मसचा चढ म्हणायला लागली. एकाही गाडीचा निकाल कधी उलटा पडला नव्हता.

त्याचा एकुलता एक मुलगा लॉईड. सत्तावीस वर्षांचा, बापासारखाच काटक, पण जिभेने आईवर गेलेला, म्हणजे मऊ. इंजिनापेक्षा त्याला चालवण्याचं वेड जास्त. बीचवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका माणसाकडून त्याने एक थकलेली क्वाड उचलून आणली, चार जाड चाकांची, मिठाने खाल्लेली. दीड वर्ष बापलेक तिच्यावर राबले. सस्पेन्शन बदललं, फ्रेम जोडून घेतली, सिलिंडरचं हेड घासून दाब वाढवला. आणि बाहेरून मागवलेला उंच डोक्याचा पिस्टन बसवला. तो पिस्टन बसवायची वेळ आली तेव्हा कॉस्मस हात पुसत बाजूला झाला आणि म्हणाला, तू बसव, एकट्याने. लॉईडच्या आयुष्यातला तो पहिला पिस्टन. त्या दिवशी तो पोरगा जेवताना पण हसत होता.

मुरबाडच्या पुढे माळरानावर क्वाडच्या शर्यती होतात. तिथे दोनदा लॉईड उसन्या गाडीवर दुसरा आला होता. या वेळी स्वतःच्या गाडीवर पहिल्या तिनांत आलास तर तुला आमच्या टीममध्ये घेतो, असं एका टीमवाल्याने त्याला सांगितलं होतं. त्या पोराला दुसरं काही नको होतं. नुसतं चालवायला मिळावं, एवढंच.

पिस्टनच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर छापलं होतं, पेट्रोल किमान अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं वापरा. तेव्हा पंपावर साधं पेट्रोल एक्क्याण्णवचं मिळे, त्याच्या वरचं पंच्याण्णवचं, आणि शंभरचं शहरातल्या मोजक्याच पंपांवर. फेरीबोटीत पेट्रोलचा डबा चढवू देत नाहीत. म्हणजे शंभरचं आणायचं तर भाईंदरवरून उत्तनचा अख्खा वळसा. लॉईडची त्याला तयारी होती. त्याने बापाला कागद दाखवला. कॉस्मसने चष्मा वर सरकवून तो वाचला आणि परत दिला. म्हणाला, कागदाला कान असतात काय? चढावर ने, मग बघू.

लॉईडने कागदाची घडी करून खोक्यात ठेवून दिली. त्याच्या जागी गोराईतला कुठलाही पोरगा असता तरी त्याने तेच केलं असतं. बापाचा कान असताना छापील कागद कोण उघडतो?

आता जे सांगायचं आहे ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी पॅरिशच्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं होतं. डोळे, शुगर, कान, सगळं फुकट. कॉन्सेप्टाने, म्हणजे कॉस्मसच्या बायकोने, त्याला ओढतच नेलं. कानाच्या टेबलावर प्रियंका नावाची एक मुलगी होती. तिने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाब म्हणाली. कॉस्मसने काही वेळा बटण दाबलं, मग बराच वेळ काही आलंच नाही, म्हणून तो वाट बघत राहिला. शेवटी मुलीने हेडफोन काढले तेव्हा त्याने विचारलं, सुरू कधी होणार? ती म्हणाली, काका, झालं.

तिने त्याला नीट, हळू आवाजात समजावलं. माणसांचं बोलणं तुम्हाला अजून बऱ्यापैकी येतंय, पण बारीक, चिरके आवाज दोन्ही कानांतून गेलेत. चिमण्यांची चिवचिव, मोबाईलची बारीक घंटी, असं सगळं. आयुष्यभर इंजिनाशेजारी उभं राहिलं की होतं असं. मशीन लावून घ्या, थोडा फायदा होईल, पण गेलेलं परत येत नाही. कॉस्मसने रिपोर्टची घडी केली आणि खिशात टाकली. बाहेर कॉन्सेप्टा डोळ्यांच्या रांगेत उभी होती. कान कसे आहेत, तिने विचारलं. झकास, तो म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने मनाशी हिशोब असा बांधला की आता गाड्या तशाही कंप्युटरवाल्या आल्यात, चढावर येतो कोण? महिन्यातून एखादा. आणि आलाच तर थोडा अंदाज, थोडा हाताला लागणारा थरथराट, थोडं स्पार्क प्लगचा रंग बघून सांगता येतं. दोन वर्षं ते निभलं. ज्या गाड्या आल्या त्या साध्या होत्या, त्यांना तो न ऐकताच मोघम पंच्याण्णवचं सांगायचा आणि ते खपून जायचं. हे लबाडीचं होतं. पण चाळीस वर्षं ज्याला सगळ्यांनी कान म्हणून ओळखलं त्याने एका सकाळी उठून मला ऐकू येत नाही म्हणायचं, तर मग त्याच्याजवळ उरतं काय? हे त्याचं दुखणं खरं होतं. त्याने घेतलेलं औषध चुकीचं होतं.

डिसेंबरात, शर्यतीच्या दहा दिवस आधी, लॉईडने क्वाड चढावर आणली. टाकीत साधं एक्क्याण्णवचं. उघडा सायलेन्सर अंगाखाली गुरगुरतोय, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे त्याला स्वतःला बारीकसारीक काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यासाठीच तर बाप अर्ध्या चढावर उभा होता. लॉईडने थ्रॉटल पिळला. क्वाड दणदणत कॉस्मसच्या पुढून वर गेली.

कॉस्मस डोळे मिटून उभा होता. त्याला सायलेन्सरचा ढोल ऐकू आला. टायरची घरघर ऐकू आली. त्याच्या वरच्या पट्टीत, जिथे टिकटिक असते, तिथे काहीच नव्हतं. टिकटिक नव्हती म्हणून नव्हतं, की त्याला येत नव्हती म्हणून, हे ठरवायला त्याच्याकडे साधन नव्हतं.

कॉन्सेप्टा वाडीतून भाजीची टोपली घेऊन त्याच वेळी चढ उतरत होती. ती थांबली. म्हणाली, कॉस्मस, वर जाताना आतून कसला आवाज येतोय, मोहरी तडतडल्यासारखा?

वर लॉईड वळून उभा होता, हेल्मेटची काच उघडून, बापाच्या हाताकडे बघत. त्या क्षणी कॉस्मसने हात वर केला असता तर सगळं वाचलं असतं. पण बायकोला ऐकू आलं आणि आपल्याला नाही, हे त्याला असं काही झोंबलं की बाकी सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. शिवाय मनात एक आशाही होती, की तिला इंजिनातलं काय कळतं, काहीतरी सैल असेल. तो तिला म्हणाला, चेन आहे. आणि लॉईडला अंगठा दाखवला.

साध्या पेट्रोलवर चालतेय म्हणून लॉईड खूश झाला. खाली आल्यावर बाप म्हणाला, चेन सैल आहे, म्हणून जाता जाता त्याने तीही घट्ट करून टाकली.

शर्यतीला कॉस्मस आणि कॉन्सेप्टा दोघं गेली होती. लॉईड सुरुवातीपासून दुसरा होता. प्रत्येक फेरीत एक मुरमाड, सरळ उभा कडा लागायचा, तिथे पूर्ण थ्रॉटल दिल्याशिवाय गाडी चढत नाही. लॉईड तो दोन वेळा चढला होता. तिसऱ्या, शेवटच्या फेरीत कड्याच्या वरच्या टोकाला, माथा हाताच्या अंतरावर असताना, इंजिन आतल्या आत जाम झालं. चाकं जागच्या जागी लॉक झाली. क्वाड एक क्षण उभी राहिली, मग मागे उलटली आणि लॉईडला खाली घेऊन घरंगळत आली.

कॉस्मस धावला तेव्हा चार माणसं क्वाड उचलत होती. लॉईड शुद्धीत होता. त्याचं तोंड हलत होतं, तो ओरडत होता, हे कॉस्मसला दिसलं.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. डाव्या मांडीत सळई, गुडघ्यात प्लेट. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडा लंगडत चालेल. क्वाड विसरा. गुडघा आता तेवढा वाकणारच नाही. लॉईडने ते ऐकलं आणि मान हलवली, जशी काही डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ सांगितली.

दीड महिन्याने तो घरी आला. ओट्यालगतच्या खोलीत त्याची खाट लावली. लोक बघायला यायचे, संत्री घेऊन यायचे आणि विचारायचे, झालं कसं? आणि लॉईड प्रत्येकाला एकच सांगायचा. पिस्टन मी बसवला होता. पिस्टन धरून ठेवणाऱ्या पिनेची क्लिप मी नीट बसवली नसणार. माझाच हात कच्चा. पप्पाने विश्वासाने दिलं आणि मी वाट लावली. मग हसून म्हणायचा, आता पान्याला हात लावणार नाही, देवाची शप्पथ.

कॉस्मस हे दाराशी उभा राहून ऐकायचा. हे त्याला नीट ऐकू यायचं.

एका दुपारी तो शेडमध्ये गेला, कडी लावली आणि इंजिन खोललं. हेड उचलल्याबरोबर त्याला दिसलं. पिस्टनच्या डोक्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, एका बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी, आणि तिथेच आरपार भोक. पिनेच्या दोन्ही क्लिपा जागच्या जागी होत्या. इतक्या नेटक्या बसवलेल्या की कॉस्मसला स्वतःला तसं जमलं नसतं. पोराने पहिल्या फटक्यात काम चोख केलं होतं. पिस्टन पेट्रोलने मारला होता. दहा दिवसांच्या सरावात आणि तीन फेऱ्यांमध्ये तो आतून टिकटिकत होता, आणि ते ऐकायला उभा केलेला माणूस बहिरा होता.

तो स्टुलावर बसला आणि रडला. बापाच्या मातीच्या वेळी तो रडला नव्हता.

संध्याकाळी कॉन्सेप्टा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, त्या दिवशी ती चेन नव्हती ना?

नव्हती, तो म्हणाला.

तिने आणखी दोन जुड्या निवडल्या. मग म्हणाली, मी दोन महिने वाट बघतेय. तू त्याला सांग. मी सांगणार नाही. पण तू नाही सांगितलंस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही, आणि तेवढं तुला नक्की ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सावरून आल्यावर कॉस्मसने पिस्टन फडक्यात गुंडाळला, कपाटाच्या तळातून शिबिराचा रिपोर्ट काढला आणि दोन्ही घेऊन लॉईडच्या खाटेशी बसला. सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. क्लिपा जागच्या जागी आहेत, तुझा हात कच्चा नाही, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. मला दोन वर्षांपासून बारीक आवाज येत नाही. मला माहीत होतं. चढावर मला काही आलं नाही आणि मी तुला अंगठा दाखवला. एवढं बोलून तो थांबला आणि शिव्यांची वाट बघत बसला. शिव्या त्याला हव्या होत्या.

लॉईडने पिस्टन हातात घेतला. भोकात बोट घातलं. रिपोर्टही वाचला, तारीख पुन्हा एकदा बघितली. मग बापाकडे तोंड करून, प्रत्येक शब्द सुटा करत तो म्हणाला, "पप्पा, तू सगळं शिकवलंस मला. क्लच शिकवलास, कार्ब्युरेटर शिकवलास, वेल्डिंग शिकवलंस. चढावर कधी उभं केलं नाहीस. सांगितलं असतंस की कान गेले, तर तू चालवली असतीस आणि मी उभा राहिलो असतो. माझे कान चांगले आहेत रे."

कॉस्मसच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. चढ हा त्याचा होता. पोरगा त्या चढावर नेहमी गाडीवर असे, कडेला नसे. ती जागा कुणाला द्यायची असते, हा विचार दोन वर्षांत एकदाही त्याला शिवला नाही. आणि देऊन टाकली असती तर हा पोरगा आज दोन्ही पायांवर धड चालला असता.

"शिकवतो," तो घाईने म्हणाला. "आता शिकवतो तुला. बरा झालास की जाऊ."

लॉईडने विचारलं, "कसा असतो तो आवाज?"

कॉस्मसने पिस्टन त्याच्या हातातून घेतला. नखाने त्यावर वाजवून बघितलं. तसा नसतो. जीभ टाळूला लावून बघितली. तसाही नाही. त्याने हजार इंजिनांमधून तो आवाज ऐकला होता, पण जो आवाज आपल्याला येत नाही तो दुसऱ्याला कसा दाखवायचा? बरोबर उभं राहून म्हणायचं असतं, हा बघ, आला. पण आवाज आला हे कॉस्मसला कळणार कसं? त्याचं नख पिस्टनवर तसंच राहिलं.

"मम्मीला विचार," तो शेवटी म्हणाला. "तिला आला होता त्या दिवशी. तिने मला तिथेच सांगितलं. मी चेन आहे म्हणालो."

हे लॉईडला माहीत नव्हतं. तो बापाकडे बघत राहिला, आणि इतके दिवस त्याच्या चेहऱ्यावर बापाबद्दल जे काही टिकून होतं ते कॉस्मसच्या डोळ्यांदेखत गेलं. तो ओरडला नाही. त्याने दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला, खाटेवर आत सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

कॉन्सेप्टा जेवायला हाक मारायला आली तेव्हा कॉस्मस तिथेच बसला होता. तिने दोन वेळा हाक मारली. दोन्ही त्याला ऐकू आल्या. तो उठला नाही.